सर हंफ्री डेव्ही आणि खाणीतील दिवा

वर्ध्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभे असता दक्षिणेकडून कोळशाने भरलेली लांबच लांब मालगाडी येताना आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. हिंगणघाटावरून वरोड्याकडे जाणारा हा लोहमार्ग मुळात कोळशाकरिताच घालण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वरोड्यास कोळशाची खाण सुरू झाली व ती 1906 साली बंद पडली. पुढे बल्लारपूर, चांदा, वणी या बाजूंस खाणी निघाल्या. हा सर्व कोळसा ज्या क्षेत्रातला, त्यास भूगर्भशास्त्रज्ञांनी आमच्याच नदीवरून वर्धा खोरे असे नाव दिले आहे. आमच्या जिल्ह्यात स्वतःची खाण नाही, तथापि खाणीत उतरणारी माणसे आमच्या शेजारगावची, व कित्येक मुलांचे मामा अगर काका त्याच कामावर. तेव्हा ज्या पुरुषाने भूगर्भातील अंधारात काम करणाऱ्या मजुराच्या हाती पहिला भरवशाचा दिवा दिला, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस अगदीच परके वाटू नये. तो पुरुष म्हणजे सर हंफ्री डेव्ही.

डेव्ही यांचा जन्म 17 डिसेंबर 1778 रोजी इंग्लंडच्या अगदी नैर्ऋत्य टोकास, कॉर्नवॉल प्रांतातील पेन्झन्स या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. घरची स्थिती बेताचीच होती, आणि मुलगा सोळा वर्षांचा होण्यापूर्वीच वडील वारले, ते मागे कर्ज ठेवून. हंफ्री हा पाच भावंडांत वडील. शाळेत त्याने मोठे नाव काढले असे नाही. गोष्टी सांगणे, कविता रचणे, गळ टाकून मासे धरणे यांत तो रमे. वडिलांच्या मृत्यूनंतर मात्र त्याने आपली आपण अभ्यासाची टिपणे काढली व गावातील बोर्लेस नावाच्या वैद्याकडे तो उमेदवारीस राहिला. औषधे कुटता कुटता त्यास रसायनशास्त्राची गोडी लागली. उपकरणे विकत घेण्यास पैसा नव्हता, म्हणून वैद्याच्या दुकानातील बाटल्या, नळ्या व स्वयंपाकघरातील भांडी यांवरच त्याने आरंभीचे प्रयोग केले.

1798 साली ब्रिस्टलजवळ डॉक्टर बेडोज यांनी वायूंच्या योगे रोग बरे होतात की काय हे पाहण्याकरिता एक संस्था काढली. तेथे प्रयोगांची देखरेख करण्यास हा वीस वर्षांचाही न झालेला तरुण नेमला गेला. येथे डेव्ही यांनी जे धाडस केले त्याचे अनुकरण आमच्या विद्यार्थ्यांनी कदापि करू नये. नवा वायू तयार झाला की ते तो स्वतःच हुंगून पाहत. एका विषारी वायूने तर त्यांचे प्राण जाता जाता वाचले. नायट्रस ऑक्साइड या वायूने मनुष्यास हसू लोटते व वेदना कमी होते, असे त्यांस आढळले. शस्त्रक्रियेच्या वेळी याचा उपयोग करता येईल असे त्यांनी 1800 साली छापूनही टाकले. दुर्दैव असे की पुढली चाळीसहून अधिक वर्षे त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि तितकी वर्षे शस्त्रवैद्यांच्या मेजावर माणसे शुद्धीत असतानाच कापली जात राहिली.

1801 साली डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. त्यांचे व्याख्यान ऐकण्यास सभागृह भरून जाई. नुकताच इटलीतील व्होल्टा यांनी विजेचा घट शोधून काढला होता. त्या घटांची मोठी रांग करून डेव्ही यांनी 1807 साली वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली, तो चांदीसारखे चकचकीत थेंब बाहेर पडून लागलीच पेट घेऊ लागले. हीच पोटॅशियम धातू. त्या वेळी ते आनंदाने प्रयोगशाळेत नाचले असे त्यांच्या मदतनीसाने नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोडियम, आणि पुढल्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम व स्ट्रॉन्शियम. एका माणसाने इतकी मूलतत्त्वे प्रथमच वेगळी केल्याचे उदाहरण विरळा. फ्रान्स व इंग्लंड यांचे त्या वेळी युद्ध चालले असताही फ्रान्सच्या विद्वत्सभेने आपले बक्षीस या इंग्रजास दिले. 1812 साली त्यांस सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एका स्फोटक द्रव्याचा प्रयोग करीत असता काच फुटून त्यांच्या डोळ्यास इजा झाली. लिहिण्यास मदतनीस हवा म्हणून पुस्तके बांधण्याचे काम शिकलेला एक तरुण त्यांजकडे आला. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. हा फॅरेडे पुढे गुरूहूनही मोठा ठरला, ही गोष्ट गुरूस फारशी रुचली नाही असे दिसते. परंतु ते मागाहून.

आता खाणीकडे वळू.

दगडी कोळशाच्या थरात मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्यास रंग नाही, वासही नाही. आमच्या जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांच्या घरी शेणाच्या टाकीतून निघणारा जो गोबर गॅस चुलीवर जळतो, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग हाच वायू होय. चुलीत तो गरीब गाईसारखा वागतो, कारण तेथे तो थोडाथोडा येतो व येताच जळून जातो. खाणीत मात्र तो हवेत मिसळून साचतो. हवेच्या शंभर भागांत मिथेन सुमारे 5 ते 15 भाग असला म्हणजे एक ठिणगी पुरे. सगळे मिश्रण एकदम भडकते, कोळशाची बारीक धूळ त्यात भर घालते, आणि ज्वाळेतून वाचलेला मनुष्य मागून येणाऱ्या विषारी वायूने गुदमरतो. पाच भागांहून कमी असल्यास स्फोट होत नाही, पंधराहून अधिक असल्यासही होत नाही. मजुरास हे कसे कळावे? त्याला तर कोळसा खणण्यास उजेड हवा, आणि त्या काळी उजेड म्हणजे उघडी मेणबत्ती.

मेणबत्तीस पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. सडक्या माशांच्या कातड्यांच्या अंधुक चकाकीत लोक काम करीत. गारगोटीवर पोलादी चाक फिरवून उडणाऱ्या ठिणग्यांच्या उजेडाचे एक यंत्र होते. ते फिरवण्यास लहान पोर बसवीत. ते यंत्र निर्धोक आहे असा समज होता, पण त्यानेही स्फोट होत.

25 मे 1812 रोजी इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसलजवळ फेलिंग येथील खाणीत स्फोट झाला. 92 माणसे मेली. माणसे म्हणतो, पण त्यांत आठ-दहा वर्षांची मुलेही होती. हवा खेळण्याकरिता खाणीत जी दारे असत ती उघडण्या-लावण्यास अंधारात दिवसभर बसणारी ही पोरे. आमच्या प्राथमिक वर्गांतील मुलांच्या वयाची. आग विझावी म्हणून खाणीचे तोंड बुजवावे लागले, व जुलै महिन्यात ते उघडून प्रेते बाहेर काढण्यास आरंभ झाला. तोवर बायका रोज खाणीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहत. तेथील धर्मगुरू रेव्हरंड जॉन हॉजसन यांनी त्या मृतांस मूठमाती दिली. खाणींतील अपघात वर्तमानपत्रांत येऊ नयेत अशी त्या प्रांतातील मालकांची इच्छा असे. हॉजसन यांनी ती न जुमानता मृतांच्या नावांसह साद्यंत हकीकत छापून प्रसिद्ध केली. आमच्या मते दिव्याच्या इतिहासातील पहिला मान या कृत्याला आहे. जे घडले ते लपले असते तर उपाय शोधण्याची गरज कोणाला भासली असती?

1813 साली संडरलंड येथे खाणींतील अपघात टाळण्याकरिता एक मंडळी स्थापन झाली. तिच्यापैकी डॉक्टर ग्रे नावाच्या दुसऱ्या धर्मगुरूंनी डेव्ही यांस पत्र लिहून साह्य मागितले. डेव्ही त्या वेळी युरोपचा प्रवास करून नुकतेच परतले होते. 1815 च्या ऑगस्ट महिन्यात ते स्वतः उत्तरेस गेले, बडल नावाच्या अनुभवी खाणव्यवस्थापकांकडून त्यांनी सर्व माहिती घेतली, आणि खाणीतील वायू बाटल्यांत भरून लंडनास पाठवा असे सांगून ते परत आले. हॉजसन यांनी त्या बाटल्या रवाना केल्या.

यापुढील काम अवघ्या तीन महिन्यांच्या आतले. डेव्ही यांनी आधी दिवा बनवावयास घेतला नाही. आधी वायूचा स्वभाव पाहिला. हा वायू पेटण्यास पुष्कळच उष्णता लागते, लाल झालेल्या निखाऱ्यानेही तो पेटत नाही, असे त्यांस आढळले. मग त्यांनी निरनिराळ्या रुंदीच्या नळ्यांत मिश्रण भरून एका टोकास पेटवून पाहिले. पाव इंच रुंदीच्या नळीत ज्वाला हळूहळू सरकते, आणि इंचाचा सातवा हिस्सा रुंदीच्या नळीत ती मुळीच पुढे जात नाही. का बरे? नळीच्या भिंती ज्वालेची उष्णता शोषून घेतात, व पुढचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. काचेपेक्षा धातूची नळी हे काम अधिक चांगले करते. मग नळ्याच आखूड करीत गेले तर? शेवटी नळ्यांची जाळीच झाली. एका चौरस इंचात 784 छिद्रे असलेली बारीक तारेची जाळी ज्योतीभोवती नळकांड्यासारखी बसवली की दिवा तयार. वायू जाळीतून आत येतो, आतल्या आत जळतो, परंतु ज्वाला बाहेर पडू शकत नाही. शिवाय वायू असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते व मजुरास आगाऊ इशारा मिळतो. म्हणजे ज्या ज्योतीने आजवर प्राण घेतले तीच पहारेकरी झाली.

हा प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी इयत्ता आठवीच्या मुलांस दाखवतो. बर्नरच्या तोंडावर दोन बोटे उंच तारेची जाळी धरून वायू सोडावा व जाळीच्या वर काडी लावावी. वर ज्वाला नाचते, खाली नुसता वायू असून तो पेटत नाही. मुलांस प्रथम ही हातचलाखी वाटते. जाळी तापून लाल होईपर्यंत धरून ठेवली तर मात्र ज्वाला भपकन खाली उतरते, आणि पहिल्या बाकावरील मुले मागे सरकतात. डेव्हींच्या दिव्याचा गुण व दोष दोन्ही या एका प्रयोगात आहेत.

1816 च्या जानेवारीत हेबर्न येथील खाणीत नवा दिवा प्रथम उतरवला गेला. त्या वेळची एक गोष्ट हॉजसन यांच्या चरित्रात सांगितली आहे. वायूने भरलेल्या एका भागात एक मजूर एकटाच काम करीत होता. त्यास या दिव्याची कोणी आगाऊ कल्पना दिली नव्हती. दुरून ज्योत येताना पाहून तो ओरडला, दिवा विझवण्यास सांगू लागला. ज्योत जवळच येत चालली, तेव्हा त्याने शिव्या दिल्या, मग तो गयावया करू लागला. शेवटी दिवा पुढ्यात आला तो धरणारा हात हॉजसन यांचा होता, ज्यांनी चार वर्षांपूर्वी फेलिंगच्या मजुरांना मूठमाती दिली होती. मजूर जिवंत होता, ज्योत जळत होती. बिचाऱ्याला अगोदर सांगावयास हवे होते असे आम्हांस वाटते. असो.

बडल यांनी डेव्हींस पेटंट घेण्याचा आग्रह केला. त्यापासून वर्षास पाच-दहा हजार पौंड सहज मिळाले असते. डेव्ही यांनी साफ नाकारले. माणसांचे प्राण वाचावेत म्हणून केलेल्या कामाचे पैसे त्यांस नको होते, व आपणांस पुरेसे आहे असे त्यांनी कळविले. खाणमालकांनी वर्गणी करून 1817 साली त्यांस दोन हजार पौंडांहून अधिक किमतीची चांदीची भांडी अर्पण केली, ती मात्र त्यांनी स्वीकारली.

येथवर सर्व गोड आहे. परंतु चरित्र लिहावयाचे तर पुढचेही लिहिले पाहिजे. किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीव्हन्सन नावाचा एक यंत्रकारागीर होता. हाच पुढे आगगाडीच्या इंजिनामुळे जगप्रसिद्ध झाला. त्याचे वडील खाणीच्या पंपावर आगवाले होते, व तो स्वतः अठरा वर्षांचा होईपर्यंत लिहिणे-वाचणे शिकला नव्हता. त्यानेही 1815 च्या ऑक्टोबरात आपला दिवा बनवून जेथून वायू सूं सूं करीत बाहेर पडत होता तेथे तो स्वतः नेऊन पाहिला. तो जिवंत परतला, यावरून दिवा चांगला होता हे उघड आहे. हवा आत येण्यास बारीक छिद्रे ठेवण्याची त्याची युक्ती डेव्हींच्या तत्त्वाशी जुळणारी होती. डेव्ही यांस मात्र एक अशिक्षित कारागीर हे करू शकेल हे खरेच वाटेना. त्यांनी त्याजवर चोरीचा आळ घेतला. दोघांनीही स्वतंत्रपणे शोध लावला असे आज सर्वमान्य आहे. स्वतः वैद्याच्या दुकानात भांडी विसळून वर आलेल्या माणसास दुसऱ्या गरीब माणसाची बुद्धी दिसू नये, याचे आम्हांस वाईट वाटते. फॅरेडे यांच्या बाबतीतही तेच. 1824 साली फॅरेडे यांस रॉयल सोसायटीचे सभासद करून घ्यावयाचे ठरले तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या डेव्ही यांनीच विरोध केला. फॅरेडे निवडून आले, आणि त्यांनी आपल्या गुरूविषयी जन्मभर आदरच बाळगला.

दिव्याने मृत्यू थांबले का? थांबले नाहीत. 1835 साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली तेव्हा दिवा आल्यानंतरच्या वर्षांत त्या प्रांतातील खाणींत आधीपेक्षा अधिक माणसे मेल्याचे दिसून आले. कारणे दोन-तीन आहेत. जेथे पूर्वी कोणी पाऊल टाकीत नसे अशा वायूच्या जागी मालक आता दिव्याच्या भरवशावर माणसे पाठवू लागले. हवा खेळवण्यावर खर्च करण्याऐवजी दिव्यावर भागवू लागले. वाऱ्याच्या झोताने ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई, जाळी गंजे, फाटे. उजेड इतका मंद की कंटाळून मजूर जाळी काढून ठेवी, आणि कोणी चिलीम पेटवण्यास दिवा उघडी. 1844 साली हॅसवेल येथे 95 माणसे मेली, तेव्हा चौकशीस सरकारने ज्यांस पाठविले त्यांत फॅरेडे होते. कोळशाच्या धुळीने स्फोट पसरतो याकडे त्यांनी लक्ष वेधले. पण मालकांनी ते मनावर घेण्यास पुष्कळ काळ लोटला.

पुढे खाणींत वीज आली. ज्या विजेने डेव्हींनी पोटॅशियम काढले व जिची प्रखर कमान त्यांनी श्रोत्यांस दाखवली, तीच आता खाणीत पंप व पंखे चालवू लागली. ज्योत गेली, पण बटण दाबताना ठिणगी उडते ती राहिलीच. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधील सेंगहेनिड येथे 439 मजूर व एक बचाव करण्यास गेलेला मनुष्य मरण पावला. कारण निश्चित झाले नाही, तथापि संशय होता तो इशाऱ्याच्या विजेच्या घंटेवर. दोन उघड्या तारा एकमेकींस टेकवून ती वाजवीत. टेकवताना उडणारी ठिणगी किती लहान! यावर पुढे शास्त्रज्ञांनी दोन मार्ग काढले. एक, प्रवाह इतका क्षीण ठेवावा की तार तुटली तरी ठिणगीत वायू पेटवण्याचे बळच नसावे. दुसरा मार्ग मोठ्या यंत्रांकरिता. मोटार व बटणे जाड लोखंडी पेटीत बंद करावयाची. ती अगदी हवाबंद करीत नाहीत, हे ऐकून मुलांस नवल वाटते. वायू आत शिरणारच असे धरून चालतात. आत स्फोट झाला तरी पेटी फुटू नये, आणि झाकणाच्या रुंद कडांमधील अरुंद फटीतून तप्त वायू बाहेर येता येता थंड व्हावा, अशी ती घडवतात. हे तर डेव्हींच्या इंचाच्या सातव्या हिश्शाच्या नळीचेच तत्त्व झाले. प्रयोगाच्या ठरीव पेटीत मिथेनची ज्वाला ज्या फटीतून बाहेर पेटू शकत नाही ती फट जास्तीत जास्त 1.14 मिलिमीटर भरते, हायड्रोजनकरिता सुमारे 0.3 मिलिमीटर. प्रत्यक्ष पेटीत याहूनही कमी ठेवतात. अशा पेटीस कारखान्यांतून फ्लेमप्रूफ म्हणतात. कडांना ओरखडा पडला, धूळ बसून झाकण नीट बसले नाही, अगर चार मळसूत्रांपैकी एक घाईने लावायचे राहिले, की ती पेटी साधी पेटी होते.

आमच्या देशातही याची किंमत मोजली गेली आहे. 19 फेब्रुवारी 1958 रोजी बंगालमधील चिनाकुरी खाणीत वायूच्या स्फोटाने सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. खाणींतील सुरक्षिततेचे सरकारी खाते धनबादेस आहे. खाणीबाहेर पेट्रोल, गॅस इत्यादिकांच्या जागी बसवण्याच्या विजेच्या उपकरणांस संमती देणारे खाते मात्र आमच्या अगदी जवळ, नागपुरास आहे. 1898 साली स्थापन झालेल्या स्फोटक द्रव्यांच्या खात्याचेच ते आजचे रूप. वर्धा-नागपूर रस्त्यावर पेट्रोल भरण्यास थांबलात तर पंपाच्या यंत्राच्या पोटात, जाड झाकणाखाली, मळसूत्रांनी आवळलेली अशी पेटी असते. पेट्रोलची वाफ हवेत असताना मोटार आत निर्धास्त फिरते. खाणींत डेव्हींच्या दिव्याचे वंशज कित्येक दशके मायनिंग सरदाराच्या हाती होते, उजेडाकरिता नव्हे तर वायू ओळखण्याकरिता. उजेड टोपीवरील विजेच्या दिव्याचा.

डेव्ही यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. 1820 साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्याने झिजू नये म्हणून त्यास लोखंडाचे अगर जस्ताचे तुकडे जोडावे अशी युक्ती त्यांनी 1824 च्या सुमारास काढली. पत्रा झिजेना हे खरे, परंतु त्यास शेवाळ व शिंपले चिकटून जहाजे मंदावली, व लोकांनी त्यांची थट्टा केली. तेच तत्त्व आज जमिनीखालच्या लोखंडी नळांस गंजापासून वाचवते. 1827 साली पक्षाघातामुळे त्यांनी अध्यक्षपद सोडले. हवापालटास युरोपात फिरत असता 29 मे 1829 रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते वारले, व तेथेच त्यांस पुरण्यात आले. मूलबाळ नव्हते.

ती चांदीची भांडी त्यांच्या इच्छेप्रमाणे पुढे त्यांचे बंधू जॉन यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे आली. ती वितळवून विकली व त्या पैशातून रसायनशास्त्रातील उत्तम शोधाकरिता डेव्हींच्या नावाचे पदक ठेवण्यात आले. ते पहिल्याने 1877 साली किर्खहॉफ व बुन्सेन या दोघांस मिळाले. यांतील बुन्सेन म्हणजे ज्यांच्या नावाचा बर्नर आमच्या प्रयोगशाळेच्या मेजावर आहे, आणि ज्याच्यावर आम्ही ती जाळी धरतो.